एसटीचे काका आणि १२ सेकंद

नॉर्थ कॅरोलिनात किल डेव्हिल हिल्सला राइट बंधूंच्या स्मारकापाशी बस थांबली की आपली मंडळी थेट टेकडी चढतात. वरच्या ६० फुटी ग्रॅनाइटच्या मनोऱ्यापाशी फोटो झाले की स्मारक बघून झालं! कार्यक्रम आखणारेही वेळ तेवढाच ठेवतात. पण १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण झालं ते खाली, सपाट वाळूवर. तीनच दिवस आधी विल्बरने उतारावरून प्रयत्न केला होता. नाक जास्त वर गेलं आणि विमान आपटलं. मग ६० फुटांचा लाकडी रूळ सपाटीवर मांडला. कुठून कुठवर उडाले हे दाखवणारे दगड तिथे आहेत: १२०, १७५, २०० आणि ८५२ फूट.

मी नेलेल्या एका ग्रुपमध्ये एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका होते. पहिल्या दगडापाशी म्हणाले, "१२ सेकंदांत १२० फूट? ताशी ११ किलोमीटर. माझी सायकल जास्त पळते."

हिशेब चोख होता. पण समोरून ताशी ४० च्या आसपास वारा होता. तो धरला तर पंखांवरून हवा ५० च्या वेगाने जात होती, आणि उचल मिळते ती त्या वेगातून. ओहायोतल्या डेटनहून हे दोघे इतक्या लांब यायचे ते या वाऱ्यासाठीच.

त्या विमानाच्या प्रतिकृतीपाशी मात्र काका हलेनात. इंजिन राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानातल्या मेकॅनिकने, चार्ली टेलरने, सहा आठवड्यांत बनवलं होतं. क्रँकशाफ्टसाठी (पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारा दांडा) पोलादाच्या जाड पाटावर आकार आखला, रेघेवरून ड्रिलने भोकं पाडली, उरलेलं छिन्नीने उडवलं आणि लेथवर घेतलं. पेट्रोल वरून आपोआप उतरायचं, पंप नाही. सुरू करताना १६ अश्वशक्ती. तापलं की १२. पंख्याच्या शाफ्टवरची स्प्रॉकेटं (साखळीची दातेरी चाकं) सारखी ढिली व्हायची, ती शेवटी सायकलच्या टायरला लावायच्या सिमेंटने पक्की केली. यावर काका मनापासून हसले. "आमच्याकडचाच माणूस!"

बाहेर उड्डाणाच्या क्षणाचे पुतळे आहेत, फोटो काढणारा डॅनियल्ससुद्धा. काकांनी विचारलं, "टेलर कुठला?"

"तो त्या दिवशी डेटनला दुकान सांभाळत होता."

"म्हणजे डेपोतच," एवढं बोलून ते बसकडे निघाले.

तेव्हापासून मी क्रम बदललाय. आधी प्रतिकृती, मग दगड; टेकडी वेळ उरला तर. मनोऱ्यावरून तक्रारी येतात, येऊ देत.