मामांबरोबर फोंताईन्हासमध्ये

फोंडा, शनिवार, रात्री

फोंताईन्हास पाहायचे तर जाणत्या माणसाबरोबर, दोघा-तिघांनीच आणि पायी पाहावे, असे माझे आजपासून ठाम मत झाले आहे. पणजीतील ही वस्ती आता देशभर ठाऊक झाली आहे. तिथल्या पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींपुढे उभे राहून काढलेली छायाचित्रे पाहिली नाहीत असा माणूस सापडणे कठीण. पण त्या भिंतींच्या आत कोण राहते, त्या कोणाच्या हातांनी उभ्या राहिल्या आणि फोंड्याकडच्या आम्हा माणसांचा त्यांच्याशी काय संबंध, हे छायाचित्रांतून कळत नाही. आज त्यातले बरेच काही कळले, म्हणून ताजे आहे तोवर सविस्तर लिहून ठेवते.

बरोबर मामा होते. मामांची उभी हयात गवंडीकामात गेली. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जुनी भिंत दिसली की तिच्यावर हात ठेवल्याशिवाय त्यांचा पाय पुढे निघत नाही. गुडघ्यांमुळे मोठ्या गटाच्या वेगाने चालणे त्यांना जमत नाही, आणि न समजणाऱ्या इंग्रजीला मान डोलावत राहणे त्यांना मुळीच आवडत नाही. म्हणून आम्हा दोघांपुरतीच फेरी ठरवली आणि सगळे बोलणे कोकणी-मराठीत व्हावे असे आधीच कळवले. पैसे गटातल्या फेरीपेक्षा बरेच जास्त पडले, पण आमची मार्गदर्शक मळ्यात, म्हणजे फोंताईन्हासलगतच्या मळा वाड्यात, लहानाची मोठी झालेली मुलगी होती आणि ते पहिल्या पाच मिनिटांतच जाणवले. ती प्रत्येक गल्लीत शिरण्यापूर्वी आवाज खाली आणत होती. मामांना तिने सुरुवातीलाच सांगून टाकले, “मामा, सावकाश चला, हांगा गडबड ना. फक्त दारांसमोर थांबायचे नाही. हांगा लोक रावतात.” म्हणजे इथे लोक राहतात.

पाटोचा पूल ओलांडून रुआ द ओरेमच्या खाडीकाठाने आम्ही आत शिरलो. ही सगळी जमीन एके काळी खाजणाची, पाणथळ. आंतोनियो जोआंव द सिकेरा नावाच्या गृहस्थाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे माडांची लागवड केली. तो मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतला होता, म्हणून लोक त्याला ‘मोस्मीकार’ म्हणत. पुढे ही बागायत चिंबलच्या कार्मेलाइट मठाकडे गेली. जुने गोवे रोगराईने ओस पडत गेले, व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपले बिऱ्हाड पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवले आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, तसतशी सरकारी नोकरांना राहायला जागा हवी झाली आणि माडांच्या जागी घरे उभी राहिली. मामा हे ऐकत असताना खाडीच्या पाण्याकडे नव्हे, घरांच्या जोत्यांकडे पाहत होते. एवढ्या ओलीवर घर उभे करायचे म्हणजे पाया किती खोल घेतला असेल, हा त्यांचा पहिला प्रश्न.

पोस्ट ऑफिसच्या परिसरात आम्ही फार वेळ थांबलो नाही, परंतु एक गोष्ट मनात रुतली. १७८७ साली पिंटोंचा उठाव फसला, त्यात बहुतेक गोमंतकीय ख्रिस्ती पाद्री आणि शिपाई होते, आणि त्यांपैकी पंधरा जणांना याच भागात देहदंड दिला गेला. आमच्याकडे पोर्तुगीज राजवटीविरुद्धचा लढा म्हटले की कुंकळ्ळी, राणे यांची बंडे आणि नंतरचा मुक्तिसंग्राम एवढेच चटकन आठवते. ज्या चौकातून आपण पत्र टाकायला जातो तिथे हे घडले, हे शाळेत असतानाच तिथे नेऊन कोणी सांगायला हवे होते.

३१ जानेवारी मार्गावर मामा रमले. पावसाळा सरून काही आठवडे झाले आहेत, त्यामुळे दोन-तीन घरांना परांची लागल्या होत्या. चर्चखेरीज कोणत्याही इमारतीला पांढरा रंग द्यायचा नाही आणि पाऊस संपला की घर नव्याने रंगवायचे, असा दंडक पोर्तुगीज अमदानीत होता असे सांगतात. म्हणून भिंतीला गेरू, पिवडी किंवा नीळ आणि चौकटींना व कोपऱ्यांना तेवढी पांढरी किनार. एका घराच्या कोपऱ्यावरचा गिलावा गळून पडला होता. मार्गदर्शकाने घरमालकिणीची परवानगी घेतली आणि मामा त्या कोपऱ्याजवळ वाकून बसले. आतला चिरा तांबूस, भोकाभोकांचा, त्याच्यावर जुन्या चुन्याचा जाड थर, आणि त्या थरावर अलीकडे कधीतरी मारलेला सिमेंटचा पातळ पापुद्रा, जो नखाने उचलला तर निघत होता.

मामांनी मग जे सांगितले ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळाले नसते. चिरा खाणीतून काढतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. वारा लागला की तो कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो आणि ते पाणी त्याला बाहेरही टाकावे लागते. शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर पडू देतो. सिमेंट ती अडवून धरते, आत लोणा, म्हणजे क्षार, साचतो आणि दोन-चार पावसाळ्यांत चिऱ्यासकट गिलावा सुटू लागतो. “बाई, हे सिमेंट काढून टाका आणि चुना मारणारा माणूस शोधा, नाहीतर ही भिंत आतून खचेल,” असे मामांनी त्या मालकिणीला इतक्या कळकळीने सांगितले की त्या क्षणभर गोंधळल्या आणि मग म्हणाल्या, चुना मारणारा माणूस आता मिळतो कुठे? मामांजवळ त्याचे उत्तर होते. सावर्डे भागातल्या एका जुन्या कारागिराचा नंबर त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला.

माझ्या मते आजच्या सकाळचा गाभा हाच. आपण या वस्तीला ‘पोर्तुगीज’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. घरांचे आराखडे, सज्जांचे नक्षीदार लोखंडी कठडे, दारावरच्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजु फरशा ही रीत तिकडची, हे खरेच. परंतु चिरा इथल्या खाणींतला, चुना इथल्या शिंपल्यांचा, आणि तो लावणारे हात मामांसारख्या माणसांच्या पूर्वजांचे. पुढच्या गल्लीत एका खिडकीला अजून शिंपल्यांची तावदाने शाबूत होती: तळहाताएवढे चपटे, अर्धपारदर्शक शिंपले कडा तासून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक सरकवलेले. काही जागी शिंपला फुटून काच बसवली होती आणि फरक लगेच कळत होता, कारण काचेतून ऊन सरळ आत घुसते, तर शिंपल्यातून ते दुधावरच्या सायीसारखे दाट आणि मऊ होऊन उतरते. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळात कोणातरी सुताराने हाताशी असलेल्या वस्तूतून हा उपाय काढला, आणि तो आमच्या हवेला काचेपेक्षा जास्त मानवतो.

या रस्त्याच्या नावाविषयीही आज नीट कळले. १८९१ च्या ३१ जानेवारीला पोर्तु शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला. तो मोडला गेला, पण १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि ती तारीख सन्मानाची ठरली. मला हे दूरचे वाटले नाही. त्याच प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंना कायद्याने बरोबरीचे नागरिक मानले, आणि त्या मोकळ्या वर्षांत इथली मराठी वृत्तपत्रे, वाचनालये आणि शाळा जोमाने वाढल्या; हेगडे देसाईंचा ‘भारत’ १९१२ चा. घरोघरी मूठमूठ तांदूळ गोळा करून मराठी शाळा चालवणारी मुष्टिफंड संस्थाही याच पणजीतली. माझी आजी जी चार अक्षरे शिकली ती त्याच लाटेतल्या एका खाजगी मराठी शाळेत, दिवाणखान्याच्या सोप्यावर बसून.

सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, मात्र आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. तिथला क्रूस जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेच्या, वाड्यातला आहे. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या वाड्यात आणला गेला आणि १९१८ मध्ये इथे. एरवी क्रूसावरच्या ख्रिस्ताची मान कललेली आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आहे आणि डोळे उघडे. ज्यांना चौकशीसाठी समोर उभे केले जाई त्यांच्यावर ती नजर रोखलेली असे. मार्गदर्शक स्वतः ख्रिस्ती, याच कपेलात प्रार्थनेला येणारी. तिने काही झाकले नाही आणि काही रंगवलेही नाही; १५६० पासून अडीचशे वर्षे ती न्यायसंस्था इथे होती आणि तिची झळ नवख्रिस्ती कुटुंबांनाही किती बसली, हे तिने शांतपणे सांगितले. त्याच काळात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी ओलांडून आमच्या अंत्रुज महालात आले. आमचे फोंडा देवळांचे गाव झाले ते या उघड्या डोळ्यांच्या भीतीमुळे, आणि मी शांतादुर्गेच्या कवळ्याच्या जत्रेला लहानपणापासून जाते तरी त्या भीतीचा असा समोरासमोर दिसणारा अवशेष आज पहिल्यांदा पाहिला. बाहेर आल्यावर मामा त्या मुलीला म्हणाले, “बरे सांगितलेस गो.” मामांकडून एवढे शब्द म्हणजे पुष्कळच.

फुंदासांव ओरियेंते या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या घरात आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रे पाहिली. सांग्यात १८७० मध्ये जन्मलेला हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि तिथेच शिकवू लागला. मराठी चित्रकलेच्या चर्चेत जे. जे.च्या त्या पिढीचे नाव निघते तेव्हा त्रिंदाद यांचेही निघायला हवे. चेहऱ्यांवरचा त्यांचा प्रकाश मला अतिशय आवडला. त्यासाठी निवांत अशी वेगळी सकाळ काढणार आहे.

एक त्रासदायक प्रसंगही नोंदवते. परतीच्या गल्लीत लग्नाआधीची छायाचित्रे काढणारा ताफा आला होता. नियोजित वधूवर एका घराच्या पायऱ्यांवर बसलेले, प्रकाश परावर्तित करणारा पांढरा पडदा रस्त्यात आडवा, आणि त्याच घराच्या दारात कापडी पिशवी घेतलेल्या एक वृद्ध बाई, आपल्याच पायऱ्या मोकळ्या होण्याची वाट पाहत. दारावर ‘छायाचित्रे काढू नयेत’ अशी पाटी होती, ती चित्रात येऊ नये याची मात्र ताफ्याने काळजी घेतली होती. आमच्या मार्गदर्शकाने भांडण न करता बाईंचा हात धरला, त्यांना खाली उतरवले आणि ताफ्याला स्पष्ट शब्दांत पाटी वाचून दाखवली. घराला रंग द्यायचा खर्च त्या बाईंचा, कौले शाकारण्याचा खर्च त्यांचा, आणि उंबऱ्यातून बाहेर पडायला ताटकळत राहायचे तेही त्यांनीच. याला पर्यटन म्हणणे मला मान्य नाही. व्यावसायिक छायाचित्रणाचा पैसा घरांच्या चुन्या-कौलांसाठी त्या रहिवाशांच्या हाती पडला पाहिजे.

शेवटी फोंते फिनिक्सचा झरा. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या झऱ्यावरूनच वस्तीला नाव मिळाले. तिथून वर पाहिले की मळ्याच्या मारुतीचे देऊळ दिसते. मामांचे गुडघे चढणीला तयार नव्हते, तरी ते अर्ध्या पायऱ्या चढले आणि कठड्याला टेकून त्यांनी खालची कौले मोजायला सुरुवात केली: कोणती मंगळुरी, कोणती जुनी नळीची, कुठे वासा वाकला आहे, कुठे पत्रा चढवला आहे. पत्रा दिसला की ते जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ करत. त्यांच्या हिशेबाने आठ-दहा छपरांना पुढच्या पावसाआधी हात लावला नाही तर ती राहणार नाहीत.

येताना कदंबच्या बसमध्ये आम्ही त्याच गोष्टीवर बोलत होतो. मामांना त्या कारागिराला घेऊन पुन्हा जायचे आहे आणि मालकिणींच्या भिंतीचा तो कोपरा स्वतः उभे राहून करून घ्यायचा आहे. सोमवारी मी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटणार आहे. नववीची मुले दरवर्षी बसभर एकदम नेऊन तासाभरात परत आणतात. त्याऐवजी सहा-सहा जणांच्या तुकड्या, याच मुलीबरोबर, कोकणी-मराठीत, आणि एका फेरीला मामांनी चिरा आणि चुना दाखवायचा, असा प्रस्ताव आज रात्रीच कागदावर उतरवला आहे. मामांनी तो वाचला आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: मुलांना भिंतीला हात लावू द्यावा, पण विचारून.