बदलीचं भूत

सरकारी नोकरीत नको असलेली बदली टाळायचे मार्ग घराघरांत पाठ असतात. आईचं आजारपण, मुलाची दहावी, बायकोची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात, आणि अगदीच काही नसलं तर साहेबांच्या ओळखीतल्या कुणाचं पत्र. यात भुताचा उपयोग करायचं मात्र आपल्याकडे कुणाला सुचलं नाही. पश्चिम बंगालातल्या पुरुलिया जिल्ह्यात ते सुचलं असावं, असा माझा दाट संशय आहे.

तिथं झालदा आणि कोटशिला यांच्यामध्ये बेगुनकोदर नावाचं एक लहानसं स्टेशन आहे. उघडलं १९६० साली आणि बंद पडलं १९६७ साली. कारण काय, तर स्टेशनमास्तरनं रात्री रुळांवर पांढऱ्या साडीतली बाई पाहिली. रेल्वेखाली सापडून मेलेल्या कुण्या बाईचा तो आत्मा, असं गावानं ठरवलं. पुढे मास्तर वारला, आणि कशानं वारला याच्या जितकी तोंडं तितक्या कथा झाल्या. मग तिथं यायला कुणी रेल्वेचा माणूस तयार होईना. माणूस नाही म्हणून गाड्या थांबेनात, आणि गाड्या थांबत नाहीत म्हटल्यावर स्टेशन राहिलं ते नुसत्या भिंतींपुरतं. पुढची ४२ वर्षं गाड्या तिथून न थांबता धडधडत गेल्या. स्टेशन जवळ आलं की डब्यातली माणसं खिडक्या लावून घ्यायची म्हणे.

मला या कथेत पहिल्यापासून खटकलं ते भुताचं वागणं. आपल्या कोकणातली भुतं हद्दीच्या बाबतीत तलाठ्यापेक्षा काटेकोर. मुंज्या पिंपळ सोडत नाही, गिऱ्हा पाण्याबाहेर फारसा येत नाही, समंध आपल्या जागेपुरता भांडतो. कुणाला नारळ, कुणाला कोंबडं, वर्षाचं ठरलेलं दिलं की प्रकरण मिटतं. भुताला कंटाळून गाव उठलंय असं होत नाही. उठायचं ते पाण्याअभावी आणि कामाअभावी. मग रोज गाडीला जाणारी अख्खी पंचक्रोशी त्या बाईला घाबरत होती, की रात्रपाळीच्या दोन-चार माणसांना ती सोयीची होती?

ही शंका काही माझ्या एकट्याची नाही. बासुदेव आचार्य हे त्या भागातले तेव्हाचे मार्क्सवादी खासदार, संसदेच्या रेल्वे समितीवरचे. त्यांनी उघड सांगितलं होतं की आडगावची नोकरी नको म्हणून कर्मचाऱ्यांनीच हे भूत उभं केलं. ते खरं असेल तर त्या माणसांचा मला रागही पूर्ण येत नाही. चहूकडे माळ, लांबवर अयोध्या डोंगर, वसंतात फुललेला पळस, हे आपल्याला फोटोत छान दिसतं. साठच्या दशकात रात्री दोन वाजता तिथं एकट्यानं मालगाडीला हिरवा कंदील दाखवायचा असता, तर मलाही पांढरी साडी दिसली असती. फक्त त्याची किंमत मास्तरांनी मोजली नाही. ती मोजली डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पुढच्या स्टेशनपर्यंत पायपीट करणाऱ्यांनी.

शेवटी २००९ साली, ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना, स्टेशन पुन्हा उघडलं. आता इथं गंमत बघा. रेल्वेचा माणूस तिथं राहायला तयार नाही म्हणून जे स्टेशन बंद पडलं, ते उघडताना रेल्वेनं तिथं आपला माणूस नेमलाच नाही! बेगुनकोदर आता हॉल्ट आहे. तिकिटं विकतो तो कमिशनवर काम करणारा खाजगी माणूस. दिवसाच्या गाड्या आटोपल्या की आपल्या घरी जातो. अंधार पडल्यावर फलाटावर थांबायला लोक अजूनही नाखूष. म्हणजे भुताला कुणी हरवलं नाही, त्याला रीतसर रात्रपाळी देऊन दिवसपाळी माणसांनी परत घेतली. इतका शहाणा तोडगा आपल्या गावकीतसुद्धा निघाला नसता.

भुतानंही बदलत्या काळाशी जुळवून घेतलं. भुताचं स्टेशन म्हणून नाव झालं तसे हौशी पर्यटक येऊ लागले. २०१७ साली तिथल्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी आपल्याकडच्या अंनिसच्या थाटात एक अख्खी रात्र स्टेशनावर काढली. बाई काही आली नाही; आडोशाला लपून आवाज काढत पर्यटकांना घाबरवणारी स्थानिक मंडळी मात्र सापडली. ज्या भुतापायी गावाची गाडी गेली, त्याच्याकडून चार पैसे वसूल होत असतील तर त्यांनी का सोडावेत?

तसं बघितलं तर गाडी काढून घ्यायला भूत लागतंच असं नाही. २०२० च्या टाळेबंदीत पॅसेंजर बंद झाल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या त्या एक्सप्रेसचं नाव आणि दर घेऊन. दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं, ते खाली यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. कित्येक लहान स्टेशनांचे थांबे त्या उलथापालथीत गेले. मग सुरू झाली निवेदनं, सरपंचांच्या सह्या, प्रवासी संघटनेच्या बैठका, रेल रोकोचा इशारा. आणि थांबा मिळाला की खासदार हिरवा झेंडा घेऊन हजर, इंजिनाला झेंडूचे हार, पेढे. शहरातल्या लोकांना याचं हसू येतं. दोन मिनिटांच्या थांब्याचं कसलं उद्घाटन! पण त्या दोन मिनिटांवर मुलीचं कॉलेज चालू राहणार की बंद होणार हे ठरत असतं, हे ज्यांच्या दारावरून दर चार मिनिटांनी लोकल जाते त्यांना कसं कळावं.

बेगुनकोदरला जायचं माझ्या मनात आहे, पण रात्रीचं नाही. सकाळच्या गाडीनं उतरून त्या तिकीटवाल्याशी बोलायचंय. भुताबद्दल विचारून तो विटला असेल, तेव्हा ते नकोच. बाजाराच्या दिवशी झालद्याची तिकिटं किती खपतात, आणि कमिशन वेळेवर मिळतं का, एवढंच विचारीन.