तोडले की तोडत असे?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि पहिली आठवली ती बाईंची लाल शाई. बाकी शाळेवर इतर जण लिहितीलच.

आठवीत पाण्याच्या टाकीमागचे पेरू तोडताना मी सापडलो. हेडसरांनी कबुलीजबाब लिहायला बसवलं. जरा भारदस्त वाटावं म्हणून मी लिहिलं, 'मी पेरू तोडत असे.' बाई काही कामाने आत आल्या होत्या, त्यांनी कागद उचलला. "एकदाच तोडलेस ना? मग 'तोडले' लिही. 'तोडत असे' म्हणजे रोजचा धंदा झाला." रीती भूतकाळ मला हेडसरांच्या टेबलासमोर कळला. (धंदा रोजचाच होता, हे आज सांगतोय.)

पुढे मेक्सिकोत केरेतारोच्या एका कारखान्यात नोकरी लागली. स्पॅनिश शिकवणारी माएस्त्रा दोन भूतकाळांवर आली तेव्हा वर्गातले दोघे अमेरिकन डोकं धरून बसले. मला पेरू दिसले. 'कोमी' म्हणजे जेवलो, 'कोमीआ' म्हणजे जेवत असे. एकदा घडून संपलं की पहिला, चालत राहिलेलं असलं की दुसरा; 'जेवत होतो'लाही तोच. 'फुई' मात्र बाईंनाही चकवेल. 'मी गेलो' तेच आणि 'मी होतो'ही तेच!

तरी चुकलोच. मशीन एकदाच बंद पडलं होतं, त्याच्या अहवालात 'से पारो'ऐवजी 'से पाराबा' लिहून गेलो. साहेबांनी बोलावलं. "म्हणजे हे कधीपासून बंद पडतंय?" पुन्हा टेबलासमोर उभा, फक्त पेरू नव्हते. बाई तर नव्हत्याच.

आता चाकणहून येणाऱ्या नव्या पोरांना भूतकाळ मीच शिकवतो. 'आब्लो'त 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. लिहिताना एका तिरक्या रेघेचा फरक. पोरं हुशार आहेत, पण मराठी शाळेतून आलेलीसुद्धा 'रीती' म्हटलं की माझ्याकडे बघत राहतात. त्यांना बाई भेटल्या नाहीत, दुसरं काय.

समारंभाला येणं जमत नाही. टाकीमागचं झाड अजून आहे का, कुणीतरी कळवा. आणि संपादक मंडळाला एक विनंती: लेखात कुठे काळ चुकला असेल तर तसाच छापा. बाई अंक वाचतील, लाल रेघ त्यांनाच मारू दे.