किमान दोनशे शब्द

“कोण?” या प्रश्नाचं उत्तर किती शब्दांत द्यावं? आमच्या रोलप्लेच्या गटात किमान दोनशे.

देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, रात्रीचा पहारा आहे. वरच्या पायरीवर कुणीतरी उभं आहे. खालून मशालजी विचारतो, “कोण?” आता वरच्यानं “मी” म्हणावं, फार तर “तुझा बाप” म्हणावं आणि गोष्ट पुढं न्यावी. पण नियम आडवा येतो. म्हणून वरचा आधी भिंतीला हात लावतो. भिंत ओली लागते. ओलीवरून त्याला आजोळची विहीर आठवते, विहिरीवरून आई, आईवरून उन्हाळ्याच्या सुट्ट्या. तेवढ्यात एक वटवाघूळ फडफडत जातं (वटवाघळाच्या नावावर पंचवीसेक शब्द हमखास खपतात). छाती धडधडते, ओठ कोरडे पडतात, आणि सगळ्यात शेवटी तो म्हणतो, “मी.” तोवर शत्रूचं अख्खं लष्कर बालेकिल्ल्यावर पोचून पंगतीला बसलेलं असतं.

हा रोलप्लेचा खेळ. एकेक पात्र वाटून घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट लिहायची. आपण आपल्या पात्रापुरतं लिहायचं आणि थांबायचं, मग समोरच्यानं त्याच्या पात्राचं लिहायचं. शेवट कुणालाच ठाऊक नसतो. समोरच्याच्या पात्राला परस्पर रडवायचं नाही, मारायचं नाही, त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं नाही. तसं केलं तर त्याला गॉडमॉडिंग म्हणतात आणि ते या खेळातलं महापाप. आमचा गट डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आहे. उदगीरचे एक सर सूत्रधार आहेत. नांदेडला नर्सिंग करणारी एक पोरगी आहे, संभाजीनगरात एमपीएससीचा अभ्यास करतोय असं घरी सांगणारा एक दादा आहे, भूमकडचा एक शेतकरी पोरगा आहे, आणि अंबाजोगाईत मेडिकलच्या काउंटरमागं बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोबाइलवर दोनशे शब्द जुळवणारी मी.

किमान शब्दांची अट काही आमच्या सरांच्या डोक्यातून निघालेली नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्या गटांमध्ये ती फार आधीपासून आहे आणि तिच्यावरून एक उतरंडच तयार झालेली आहे. एका ओळीत उत्तर देणारे ते वन-लायनर, सगळ्यात खाली. त्यांच्यावर पॅरावाले, त्यांच्यावर मल्टी-पॅरावाले, आणि अगदी माथ्यावर नॉव्हेलावाले, ज्यांच्या एका उत्तरात नायकानं नुसतं दार उघडलेलं असतं आणि वाचणाऱ्याचा चहा गार झालेला असतो. कुठं शब्द मोजतात, कुठं परिच्छेद, कुठं ओळी. ओळी मोजण्यासारखा अडाणी प्रकार दुसरा नाही. मोबाइलवर सहा ओळी भरणारा मजकूर कॉम्प्युटरवर दोन ओळींत आटोपतो. मग पडदा जितका लहान, तितका लेखक मोठा.

या सगळ्याचं मूळ जिथं सांगतात तिथं मात्र तुटकपणाचंच राज्य होतं. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा खेळ आला. १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी मड नावाचा, एकही चित्र नसलेला, नुसत्या मजकुरावर चालणारा खेळ रचला. तिथं उत्तरेला जायचं तर एक अक्षर टाइप केलं की पुरे. वटवाघूळ नाही, आजोळ नाही. फासे आणि आज्ञा बाजूला पडून लोक जसजसे निव्वळ लिहिण्यासाठी जमू लागले, तसतशी कमी लिहिणाऱ्याची चीड यायला लागली.

आणि चीड येते, हे मी नाकारणार नाही. रात्री दुकान बंद करून, जेवणं उरकून, सगळे झोपल्यावर तुम्ही चार परिच्छेद लिहिता. पात्राच्या मनात काय चाललंय, हातात काय आहे, बाहेर पाऊस कसा लागलाय. सकाळी मोठ्या आशेनं मोबाइल उघडता. पलीकडून आलेलं असतं: ‘तो हसला.’ बरं, का हसला? कुणाकडं बघून हसला? आता याच्यावर मी काय लिहू? माझ्या पात्रानंही हसायचं का? अशा दोन हसणाऱ्यांची गोष्ट तिथंच मरते. हे पाच-सहा वेळा झालं की कुठलाही सूत्रधार वैतागून पाटी लावतोच: किमान इतके शब्द.

पाटी लागली की शब्द येतात, गोष्ट येईलच असं नाही. पाहुणे वाढल्यावर वरणात तांब्याभर पाणी ओतावं तसा मजकूर वाढत जातो. वाढवायच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. पहिली हवामानाची. दुसरी डोळ्यांची: रंग, खोली, त्यातली वेदना. तिसरी मला सगळ्यात खटकते. समोरच्यानं जे लिहिलं तेच आपल्या पात्राच्या नजरेतून पुन्हा लिहायचं. त्यानं तलवार उपसली. आपण लिहायचं की त्यानं तलवार उपसलेली हिनं पाहिली, तलवार उपसताना आवाज झालेला हिनं ऐकला, आणि त्यानं तलवार का उपसली असेल याचा हिनं विचार केला. झाले साठ शब्द. तलवार अजून हवेतच.

यात आम्ही मराठवाड्यातली माणसं मुळातच तयारीची, असं मला वाटतं. लातूर पॅटर्नच्या सावलीत शिकलेल्या आमच्या पिढीला परीक्षेहून आल्यावर पेपर कसा गेला हे नंतर विचारायचे, आधी विचारायचे, “पुरवण्या किती घेतल्या?” गठ्ठे वजनावर तपासतात अशी पक्की अफवा होती. ज्या पोरीनं तिसरी पुरवणी मागितली तिच्याकडं अख्खा वर्ग असा बघायचा की जणू निकाल लागलाच. मोठं अक्षर, सुटसुटीत ओळी, समास जरा रुंद, ‘म्हणजेच’ लिहून तेच वाक्य पुन्हा. ती विद्या वाया गेली नाही. संभाजीनगरच्या दादाला सांगा, घोड्याला पाणी पाजायचंय. तो दोनशे शब्दांत घोड्याला नदीपर्यंतही पोचू देत नाही.

शिवाय शब्द मोजायचे कसे, हा भानगडीचाच विषय आहे. अट आली इंग्रजीतून, आणि इंग्रजीत शब्द सुटे सुटे पडतात. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून बसतात. ‘किल्ल्यावरच्यांनाही’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेवढंच सांगायला सहा-सात लागतील. म्हणजे दोनशे मराठी शब्दांत गोऱ्या माणसापेक्षा पुष्कळ जास्त काम करावं लागतं. नांदेडच्या पोरीनं यावर इलाज काढला होता. ती ‘घरा मध्ये’, ‘त्याच्या कडून’, ‘बसल्या वर’ असं तोडून लिहायची. सर शाळेत मराठीच शिकवतात. त्यांनी तिसऱ्याच दिवशी पकडलं आणि तिचे सदतीस शब्द कापले. ती म्हणाली, “सर, हे तर पगार कापल्यावानी झालं.”

वरची मर्यादा मात्र माणसानं घातलेली नाही, यंत्रानं घातली आहे. डिस्कॉर्डवर पैसे न भरणाऱ्याला एका निरोपात २००० अक्षरं मिळतात, आणि यंत्र आपल्या काना-मात्रा आणि हलंतसुद्धा वेगळे मोजतं. ‘क्षत्रिय’ लिहिलं की आपल्याला दिसतात तीन अक्षरं, यंत्राच्या वहीत पडतात आठ. जुन्या एसएमएसची हीच तऱ्हा होती: रोमन लिपीत १६० अक्षरं मावायची, देवनागरीत लिहिलं की ७० वर गाडी थांबायची. म्हणून तर आपली निम्मी प्रेमपत्रं रोमन लिपीत गेली. ते असो. आमच्या क्षत्रियांची गोष्ट तीनेकशे शब्दांनंतर तुटते आणि दुसऱ्या निरोपात जोडावी लागते.

आता मी ज्या गावात बसून ही कुरकुर करते आहे, त्या गावाला लांबीबद्दल बोलायचा खरं तर अधिकार आहे. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत. सातशे श्लोकांच्या गीतेवर ज्ञानेश्वरांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. दासोपंतांचा गीतार्णव सव्वा लाखाचा सांगतात. कागद पुरेना म्हणून की काय, पंचीकरण हा ग्रंथ त्यांनी कापडाच्या पासोडीवर लिहिला. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका आमच्याकडं शाळेपासून ऐकायला मिळते. मला ती फार आवडते, कारण शब्द, ओळी, परिच्छेद यांतलं काहीच न मोजता त्यात शाई मोजली आहे. ढब्बू पैशाची दौत संपली, दिवस संपला. मात्र ही दौत त्यांना कुणी नेमून दिलेली नव्हती. सव्वा लाख ओव्या लिहिणाऱ्यासमोर ‘किमान’ अशी पाटी लावायची कुणाची छाती होती?

आणि तिकडं गोदाकाठी पैठणला, त्याच काळात, एकनाथ महाराज. आमच्या खेळाला आपल्या मातीतला कुणी मूळपुरुष शोधायचाच झाला तर मी त्यांचं नाव घेईन. जोगी, वासुदेव, आंधळा, विंचू चावलेला माणूस, सगळ्यांची सोंगं घेऊन ते भारुडात बोलले. भारूड कागदावर वाचलं तर पाच मिनिटांत संपतं. तेच गावात रात्री उभं राहिलं की दोन ओळींच्या मधल्या जागेत भारुडकरी शिरतो, सरपंचाची फिरकी घेतो, पुढं बसलेल्या म्हातारीला प्रश्न विचारतो, साथीदार त्याला मधेच अडवतो, आणि एकेक कडवं अर्धा अर्धा तास चालतं. लिहिणाऱ्यानं जागा सोडून ठेवलेली असते म्हणून हे जमतं. सगळी जागा त्यांनीच भरली असती तर साथीदारानं नुसते टाळ वाजवले असते.

हे मला भूमच्या पोरामुळं नीट दिसलं. त्याच्याकडं शेतीची लाइट रात्रीची असते. साडेबारा-एकला मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत उसाला दारं धरायची. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मोबाइल, पाय चिखलात. त्याची उत्तरं दोन वाक्यांच्या वर जात नाहीत. आमच्या अंधारीत मशालजी त्याचाच. एकदा आम्ही सगळे दीड-दीड पान भिंती चाचपत असताना रात्री दोनला त्यानं लिहिलं: ‘मशाल विझली. पण उजेड अजून आहे.’

सहा शब्द. सकाळी गट पेटला. उजेड कुठून येतोय? वर कुणी आहे का? भिंतीपलीकडं वाट आहे? की हाच फितूर आहे आणि त्याच्याकडं दुसरा दिवा आहे? संभाजीनगरच्या दादानं त्या एका उजेडावर चारशे शब्द लिहिले आणि पहिल्यांदाच त्यातला एकही फुकट नव्हता. मी औषधाच्या चिठ्ठ्या वाचता वाचता दिवसभर तोच विचार करत होते. आणि सरांनी नियमाला धरून विचारलं, “उरलेले १९४ शब्द कुठं आहेत?”

पोरगं म्हणालं, “सर, पाणी शेवटाला गेलंय. दारं मोडून येतो, मंग लिहितो.”

त्यानंतर गटात जो वाद झाला तो गोष्टीपेक्षा लांब आहे. मी पोराच्या बाजूनं होते, अजूनही आहे. पण सरांचंही एक म्हणणं पटण्यासारखं होतं: ‘तो हसला’ हेसुद्धा दोनच शब्द आहेत, मग ते कोणत्या तोंडानं नाकारायचं? माझं उत्तर असं की ‘तो हसला’ हा नुसता हुंकार आहे. आजी अंगणात गोष्ट सांगायची तेव्हा आम्हाला “हं, हं” करत राहावं लागायचं, हुंकार थांबला की ती विचारायची, “झोपलीस का गं माय?” ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. गोष्ट तिची होती, ती तिलाच पुढं न्यायची होती. आमच्या खेळात ऐकणारा कुणीच नसतो, सगळेच सांगणारे. तिथं समोरच्याच्या हाताला धरायला काहीतरी लागावं लागतं: एखादी वस्तू, एखादा प्रश्न, अर्धवट उघडं दार, मागून आलेला खोकला. सहा शब्दांत ते देता येतं आणि सहाशे शब्दांत राहून जातं. वाद वाढला तेव्हा मी मागची काही लांबलचक उत्तरं काढून पाहिली. पुष्कळांत शेवटी सगळे भावुक होऊन उभे होते आणि पुढच्याला करण्यासारखं काहीही शिल्लक नव्हतं.

इंग्रजीतल्या काही गटांनी यावर आधीच मधला मार्ग काढलेला आहे. कुठं आकडा काढून टाकून ‘समोरच्याला पुढं लिहिता येईल असं काही द्या’ एवढंच लिहितात. कुठं मिररिंग चालतं, म्हणजे समोरचा जितकं लिहील साधारण तितकं आपण लिहायचं. मिररिंग मला पटत नाही, त्यात दोन आळशी एकत्र आले की खेळ आठ दिवसांत संपतो आणि दोन हौशी एकत्र आले की वाचणारा संपतो. भांडण, लढाई, घाईचं बोलणं चाललं असेल तर छोटी उत्तरं, आणि नवा प्रसंग मांडायचा असेल तर मोठं, ही वाटणी बरी. माणूस बोलतोही तसाच. बांधावरच्या भांडणात कुणी परिच्छेद पाडत नाही.

शेवटी आमच्याकडं असं ठरलं की प्रसंगाची सुरुवात करणाऱ्यानंच तेवढे दोनशे शब्द लिहायचे. बाकीच्यांना मोजणी नाही, पण पुढच्यासाठी काहीतरी सोडून जायचं. सोडलं की नाही हे कोण ठरवणार, यावर सर आणि नांदेडची पोरगी रोज हमरीतुमरीवर येतात. भूमच्या पोराचा मशालजी मजेत आहे. संभाजीनगरच्या दादाची मात्र नवीनच तक्रार आहे: आता किमान काढलंच आहे, तर कमाल मर्यादाही घाला, काही लोक फार लिहितात. हा अर्ज त्यानं गटात टाकला आहे. तो तीन निरोपांत तुटून आला आहे, आणि सरांचं अजून दुसऱ्याच निरोपाचं वाचन चालू आहे.