वीस मिनिटांची शांतता

आज समुपदेशनाला आलेल्या एका ताईंनी पहिली वीस मिनिटे पदराचे टोक बोटाला गुंडाळण्यात आणि सोडण्यात घालवली, आणि मीही काही विचारले नाही. (ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.) पूर्वी अशी शांतता मला सोसत नसे, सल्ला देऊन मी मोकळी होत असे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलेली विनाअट स्वीकाराची अट (समोरच्या माणसाला तो आहे तसा स्वीकारणे) तेव्हा पाठ होती, अंगवळणी पडलेली नव्हती. अखेर त्या म्हणाल्या, "घरी कुणी इतका वेळ थांबत नाही." रात्री-अपरात्री जीव फारच घाबरा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, हे मी कागदावर लिहून दिले, तो त्यांनी घडी घालून बटव्यात ठेवला आणि पुढच्या बुधवारची वेळ स्वतःहून मागून घेतली.