तुम्ही विचारलेत म्हणून : मुली मुलांइतक्या पळतात का?

खानापूर तालुक्यातल्या मुलामुलींकडून मी सैन्य आणि पोलीस भरतीसाठी पळण्याचा सराव करून घेते, त्यामुळे हा प्रश्न मला पालक, सहकारी शिक्षक आणि मैदानावरची मुलेही सतत विचारतात. वरच्या पातळीवर पळत नाहीत, हे माझे उत्तर आहे. शंभर मीटरचा उसेन बोल्टचा २००९ सालचा विक्रम ९.५८ सेकंदांचा आहे आणि फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा १९८८ सालचा १०.४९ सेकंदांचा. वयात येईपर्यंत मुलामुलींच्या वेगात फारसे अंतर नसते. पुढे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे मुलांचे स्नायू आणि रक्तातले प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन वाढते, आणि ते अंतर नुसत्या सरावाने भरून निघत नाही. पूर्वी मी हे मान्य करत नसे. जिद्द असली की झाले, असे पोटतिडकीने सांगत असे, आणि ते ऐकून काही मुली मैदानावर आल्या, हेही खरेच आहे.

त्यांतली एक अग्निवीर भरतीत महिला सैनिकी पोलिसांसाठी तयारी करत होती. तिथे सोळाशे मीटर साडेसात मिनिटांच्या आत पळणाऱ्या मुली पहिल्या गटात येत. हिचे ओठ चौथ्या फेरीत पांढरे पडत आणि ती कडेला बसून बराच वेळ धापा टाकत राही. मुलीच्या जातीला एवढेच झेपायचे, असे घरचे म्हणत. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटर रक्तामागे साडेआठ ग्रॅम निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने किमान पातळी स्त्रियांसाठी बारा आणि पुरुषांसाठी तेरा धरली आहे. म्हणजे स्त्री-पुरुषांच्या मर्यादेत फरक एका ग्रॅमचा, आणि हिची तूट साडेतीन ग्रॅमची. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जेवणावरचा चहा बंद झाला, आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या आमटीत भागवणारी ही मुलगी भावाच्या शेजारी ताटावर बसू लागली. काही महिन्यांत ती साडेसातच्या आत आली आणि सरावातल्या अनेक मुलांच्या पुढे गेली. आघाडीची मुले मात्र तिच्या आवाक्याबाहेरच राहिली.

तिचे वडील मैदानावर आले तेव्हा त्यांनी नेमके तेवढेच पाहिले. "बाई, एवढं पळून शेवटी पोरांच्या मागंच न्हवं?" मी त्यांना रक्ताचा अहवाल दाखवला, मुलींचे निकष वेगळे असतात हे समजावले, आणि विचारल्यावर शरीरातला फरकही प्रामाणिकपणे सांगितला. सगळे शांतपणे ऐकून ते म्हणाले, "तुम्हीच सांगायलाय की, फरक राहतोच म्हणून." त्यानंतर ती सरावाला आली नाही.

त्यांना तो फरक सांगावा की नाही, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत हेच प्रमाण २५ टक्के होते. अशा स्थितीत मागे पडलेल्या मुलीचा किती वेळ निसर्गाने घेतला आणि किती घरच्या ताटाने, हे घड्याळ पाहून मला सांगता येत नाही. म्हणून यापुढे हा प्रश्न घेऊन याल, तेव्हा आधी तुमच्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासून या.