एका कसोटीचा गोलंदाज

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहितोय म्हटल्यावर वर्गातल्या एकाने फोनवरच बजावलं, "सचिनवर लिहू नकोस हां, सगळे तेच लिहिणार." माझ्या तसं मनातही नव्हतं. आमच्या तुकडीतले फलंदाज सचिनचे. नवा चेंडू टाकणारे आम्ही दोघं-तिघं मात्र वेगवान गोलंदाज सलील अंकोलाचे.

1989 चा नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती आणि कराचीत भारत-पाकिस्तान कसोटी सुरू होती. खेळाचे सर नाशिकच्या 'गावकरी' दैनिकातला धावफलक कापून सूचनाफलकावर लावायचे. कपिलदेवची ती शंभरावी कसोटी. सचिन आणि अंकोला यांची पहिली, आणि समोरून पाकिस्तानच्या वकार युनूसचीही पहिलीच! अंकोलाचा जन्म सोलापूरचा, रणजी महाराष्ट्राकडून, आदल्याच मोसमात पदार्पणात गुजरातविरुद्ध हॅट्‌ट्रिक. त्यामुळे तो 'आपला' होता. पुढे तो मुंबईकडून खेळू लागला, तेव्हा फलंदाज मंडळींनी आम्हाला किती पिडलं ते विचारू नका.

कसोटी अनिर्णित सुटली. अंकोलाला दोन बळी मिळाले. मग दुखापत झाली, त्या दौऱ्यात विवेक राझदान या दुसऱ्या वेगवान गोलंदाजाला संधी मिळाली, आणि अंकोलाच्या वाट्याला पुन्हा कसोटी आलीच नाही. (राझदानची गंमत वेगळीच. सियालकोटला एका डावात पाच बळी घेतले आणि तीच त्याची शेवटची कसोटी. निवड समित्यांचं गणित मला आजतागायत सुटलेलं नाही.)

आमच्या सरांचं लक्ष आकड्यांपेक्षा पायांकडे जास्त. गोल्फ क्लबच्या मैदानावर आंतरशालेय सामना असला की सकाळी मॅटिंग अंथरायचं, खिळे ठोकायचे, मग सर आम्हा गोलंदाजांना ओळीने बाकावर बसवायचे. मोजे खाली करायला लावून नडगीवरून अंगठा दाबत खाली न्यायचे. कुणी "स्स" केलं की तो त्या दिवशी बारावा गडी. मला एकदा असंच बसवलं, तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता. चेंडू टाकताना पुढच्या पायावर अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि तो नडगीलाच सोसावा लागतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

अंकोला नंतर एकदिवसीय संघात येत-जात राहिला. एकूण 20 सामने, 13 बळी. 1996 च्या विश्वचषकाच्या संघातही होता. मग नडगीच्या हाडात गाठ निघाली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी क्रिकेट थांबलं. पुढे तो टीव्ही मालिकांत दिसला, अलीकडे राष्ट्रीय निवड समितीवरही होता. एका कसोटीवर त्याची हेटाळणी करणारे आजही भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, तुमची कसोटी कुठल्या मैदानावर झाली?

गोल्फ क्लबचं मैदान आता हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखलं जातं, तिथे रणजी सामने होतात. महोत्सव समितीला एक विनंती: क्रीडा विभागाच्या कपाटात सरांनी लिहिलेली जुनी स्कोअरबुकं असतील, तर प्रदर्शनात मांडा. माझे नो-बॉल त्यात लाल शाईने लिहिलेले आहेत, ते झाकू नका.